चंपाबाईच्या नावचं घर

बाबाराव मास्तर गणिताचे. गणिताचा मास्तर म्हटला की लोकांना छडी आठवते, पण या माणसानं एकतीस वर्षांत छडी उचलली ती फळ्यावरचा हातचा दाखवायला. आदिलाबादेतल्या एका खाजगी शाळेत नोकरी, पगार जेमतेम, पेन्शनच्या नावानं शून्य. शहराला लागून मावल्यात तीन खोल्यांचं घर, पुढं ओटा, मागं मोरी. शेजारची तेलुगू माणसं त्यांना ‘पंतुलु’ म्हणायची, म्हणजे गुरुजी, आणि मराठी घरांतली माणसं ‘सर’. बायको चंपाबाई मात्र काहीच म्हणायची नाही. ‘ऐकलं का’ एवढ्यावर त्या बाईनं बावन्न वर्षं संसार केला.

मास्तरांचा आवडता धडा म्हणजे नफा-तोटा. दुकानदारानं सायकल घेतली, टेम्पोनं आणली, रंग मारला, मग विकली, तर नफा किती? पोरं हमखास नुसती खरेदी वजा करून मोकळी व्हायची आणि मास्तर हमखास कपाळाला हात लावायचे. “अरे बाबा, टेम्पोवाला काय तुमचा मामा लागते? रंग काय झाडाले लागला व्हता? जो जो खर्च झाला तो आधी खरेदीत मिळवा, मंग नफा काढा.” गावातली कितीतरी दुकानं आज याच धड्यावर चालली आहेत. आणि शहात्तराव्या वर्षी याच धड्यानं खुद्द मास्तरांना तोंडघशी पाडलं.

त्याची सुरुवात झाली बारा वर्षांपूर्वी. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, शिल्लक संपत आली होती आणि शिकवणीला येणारी पोरं गळत चालली होती. मुलगा नागसेन हैदराबादला कारकून, घरभाडं भरता भरता त्याच्याच नाकी नऊ. तो जमेल तसे पाठवायचा, पण पोराकडं मागायचं म्हटलं की मास्तरांची जीभ टाळूला चिकटायची. अशात कोणीतरी सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या घरावर बँक महिन्याला पैसे देते. मास्तर दुसऱ्याच दिवशी चंपाबाईला घेऊन बँकेत हजर.

मॅनेजर भला माणूस. त्यानं हिंदीत नीट समजावलं. बाकीचे लोक घरासाठी कर्ज घेतात आणि बँकेला हप्ता भरतात, इथं उलटं. घर तुमचं, राहणार तुम्ही, हप्ता बँक तुम्हाला देणार. दोघांपैकी एक जरी जिवंत असेल तोवर कोणी घराबाहेर काढणार नाही. कर्ज आणि त्यावरचं व्याज साचत जाईल, ते शेवटी घर विकून वसूल व्हायचं. मधेच तुम्हीच घर विकलं तर तेव्हा फेडायचं. मास्तरांनी जागच्या जागी चक्रवाढ व्याज मांडून पाहिलं आणि मान डोलावली.

मग मॅनेजरनं विचारलं, घर कोणाचं? चंपाबाई पटकन म्हणाली, “आमचं.” मॅनेजर कागद चाळत म्हणाला, “अम्मा, कागजात में तो सिर्फ साब का नाम है. आप साथ में दस्तखत कर दीजिए.” चंपाबाई बरं म्हणाली आणि जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. परत येताना दोघं रिक्षात बसली. मावल्याचा फाटा आला तेव्हा एवढंच म्हणाली, “मले वाटलं, दोघाइचं हाय म्हून.”

त्यात कुरकुर नव्हती, राग नव्हता. पण मास्तरांच्या काळजात ते खोल गेलं, कारण ते घर कसं उभं राहिलं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? मिस्त्री एक आणि मजूर दोन लागत होते. मास्तरांच्या पगारात एकच मजूर बसत होता. दुसरा मजूर चंपाबाई. पन्नाशीची बाई, डोक्यावर चुंबळ, त्यावर आठ-आठ विटा. पहाटे स्वयंपाक आटोपून पाणी मारायला जायची, दिवसभर माल कालवायची, संध्याकाळी मिस्त्रीचा चहा पण तीच करायची. जवळजवळ वर्षभर. आणि एवढं करून सरकारी कागदावर तिचा पत्ताच नाही.

“पुढचं घर तुह्या नावानं घेईन,” मास्तर रिक्षातच म्हणाले.

“आता कोठचं पुढचं घर,” म्हणून चंपाबाई हसली आणि सुटे पैसे काढायला लागली. तिनं ते थट्टेवारी नेलं. मास्तरांनी नाही नेलं.

त्यानंतर महिन्याला बेचाळीसशे रुपये यायला लागले. चंपाबाई त्याला ‘घराचा पगार’ म्हणायची. पगार झाला की किराणा, लाइटबिल, मास्तरांच्या बीपीच्या गोळ्या. त्यातूनच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पण वर्षातून एकदा बँकेचा हिशेब यायचा आणि मास्तर तो वाचून दाखवायचे, तेव्हा तिचा चेहरा उतरायचा. “ऐकलं का, घर आपल्याले पोसून राह्यलं का आपण घराले खाऊन राह्यलो?” असं ती विचारायची. मास्तर चष्मा पुसत बसायचे. बाराव्या वर्षी हिशेब आला तो असा: घेतले सहा लाख, देणं बारा लाख. आणखी सात-आठ वर्षं अशीच गेली तर घराची किंमत आणि कर्ज सारखंच होणार होतं, म्हणजे पुढचं घर कायमचं हुकणार होतं.

मास्तरांनी ठरवलं, आत्ताच विकायचं. हातात काही उरतंय तोवर.

कुठं जायचं हे ठरवायची गरजच नव्हती. चंपाबाईचं माहेर बेला गावचं, आणि लेक शुभांगी तिथल्याच शाळेत शिक्षिका. बेल्याच्या अमृतराव दुकानदाराचं दोन खोल्यांचं घर विकायला होतं, पुढं थोडी मोकळी जागा. चंपाबाई ते बघायला गेली आणि अंगणात उभी राहून चारी बाजूंनी बघत राहिली. मग शुभांगीला म्हणाली, “इथं वावर व्हतं. मी पोरगी असताना या वावरात कापूस वेचला हाय, माह्या मायसंग.” मास्तरांनी ते ऐकलं आणि घासाघीस न करता पंधरा लाखाला हो म्हटलं. अमृतराव इतका गोंधळला की त्यानं स्वतःच्या खर्चानं चहा मागवला.

आता मास्तरांच्या घरी मुहूर्त-बिहूर्त कोणी पाहत नाही. चांगलं काम करायचं तर ते भीमजयंतीला, ही त्यांच्याकडची रीत. नागसेनचं नाव त्याच दिवशी शाळेत घातलं होतं, मावल्याच्या घराचा पाया त्याच दिवशी खणला होता. तेव्हा यंदाच्या चौदा एप्रिलला, पांढरा कडक शर्ट घालून, वंदना आटोपून मास्तर बेल्याला गेले आणि पन्नास हजारांचा बयाना, म्हणजे विसार, देऊन आले. बयान्याच्या कागदावर घेणार म्हणून एकच नाव लिहिलं, चंपाबाईचं. कोणाला विचारलं नाही, सल्ला घेतला नाही. जयंती सरून जाईल या घाईत शब्द पाळून टाकला. घरी येऊन त्यांनी कागद चंपाबाईच्या हातात दिला. तिनं तो दोनदा पाहिला, डब्यात ठेवला आणि शेवयांची खीर केली.

मावल्याच्या घराला तीस लाख देणारं गिऱ्हाईक मे महिन्यात मिळालं. बँकेचे बारा गेले की हातात अठरा. मास्तरांनी कॅलेंडरच्या मागल्या बाजूला गणित मांडलं. अठरातून घराची मूळ किंमत वजा, उरलं त्यावर सरकारचा कर, तो लाख-सव्वा. नवीन घराचे पंधरा, रजिस्ट्रीचा लाखभर. झालं, बसलं बरोबर. शुभांगी म्हणाली, “बाबा, एकदा हर्षालीले तं विचारून पाहा.” मास्तर म्हणाले, गणित कराले मले हर्षाली लागते काय? पण गेले.

हर्षाली म्हणजे त्यांचीच विद्यार्थिनी. आता सीए झालेली, बाजारात एका कपड्याच्या दुकानावर तिचं ऑफिस. सर आले म्हणून ती उठून उभी राहिली, पाणी दिलं, आणि कॅलेंडरचा कागद समोर ठेवला तसा तिनं तो अगदी मन लावून वाचला. वाचता वाचता तिची पेन्सिल एका ठिकाणी थांबली.

“सर, तुम्ही बँकेचे बारा लाख आधीच वजा केले.”

“मंग? माह्या हातात येऊन नाही राह्यले ते.”

“हातात काय येतं ते कर पाहत नाही. बँकेनं तुम्हाला महिन्याला जे दिलं, त्यावर कर नाही. घर बँकेत तारण ठेवलं म्हणजे विकलं, असंही कोणी म्हणत नाही. इथवर सगळं तुमच्या बाजूनं. पण आता तुम्ही विकताय, तर विक्रीची किंमत पूर्ण तीस धरायची. त्यातले बारा बँकेला गेले, ते तुमचं कर्ज फिटलं.”

“बरं, मुद्दल सोड,” मास्तर खुर्चीत पुढं सरकले. “सहा लाख नुसतं व्याज हाय, हर्षाली. माह्या घरावर चढलं ना ते? मी शिकवलं व्हतं तुले, टेम्पोचं भाडं खरेदीत मिळवावं.”

हर्षालीला ते आठवत होतं. तिनं आवाज खाली आणला. “सर, घर तारण होतं. पण पैसा कशाला लागला?”

मास्तरांनी बोटं मोजली. “खायाले. गोळ्याइले. लाइटबिल. हिच्या डोळ्याचं आपरेशन.”

“तेच तर. त्या पैशानं घर घेतलं नाही, भिंत वाढवली नाही. घरासाठी काढलेलं कर्ज असतं तर मी निदान भांडून पाहिलं असतं. हे तुम्ही जगायला काढलं. जगण्याचं व्याज घराच्या किमतीत मिळवता येत नाही.”

मास्तर एवढेसे झाले. एकतीस वर्षं ज्या धड्यावर त्यांचं नाव होतं, त्या धड्यात ही अट कुठंच नव्हती. हर्षालीला वाईट वाटलं, म्हणून तिनं दुसऱ्या बाजूनं शोधायला घेतलं. घराची किंमत म्हणून काय काय धरलंय? प्लॉटची जुनी किंमत धरली होती, सिमेंट-लोखंडाच्या पावत्या होत्या, मिस्त्रीच्या सहीचा कागद होता, सगळं मिळून साडेतीन लाख. “मजूर एकच दिसतो,” ती म्हणाली. “एवढं घर एका मजुरात झालं?”

“दुसरी चंपा व्हती.”

हर्षालीनं वर पाहिलं.

“वर्षभर इटा उचलल्या तिनं,” मास्तर म्हणाले. “तिची मजुरी लाव. त्या टायमाले बाईले जी रोजी व्हती तीच लाव, जास्त नको.”

“काकूंना दिली होती का सर?”

मास्तरांनी मिस्त्रीच्या सहीचा कागद उलटून पाहिला.

“दिली असती तर लावली असती,” हर्षाली हळूच म्हणाली. “न दिलेल्या मजुरीला हिशेबात जागा नाही.”

खरं सांगायचं तर मास्तरांचं लक्ष त्यापुढं आकड्यांवर राहिलंच नाही. पण हर्षालीनं मांडलं ते असं: कर तीन लाखाला थोडा कमी. घर, रजिस्ट्री आणि कर मिळून एकोणीस. हातात अठरा. म्हणजे एक लाख कमी पडत होता, आणि तो आणायला मास्तरांकडं काही नव्हतं.

“पण थांबा,” हर्षाली म्हणाली. “तुम्ही दुसरं घर घेताय ना? राहतं घर विकून दोन वर्षांच्या आत राहायलाच दुसरं घर घेतलं, तर घातलेल्या पैशाएवढ्या नफ्यावर कर माफ असतो. तुमचा कर लाखाच्या आत येतो, सर. सगळं बसतं.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. “घेऊन राह्यलो ना. हा पाहा बयाना.” त्यांनी खिशातून बयान्याची झेरॉक्स काढली. हर्षालीनं ती वाचली आणि परत एकदा वाचली, आणि मास्तरांना कळलं की इथंही काहीतरी बिनसलंय.

“हे काकूंच्या एकट्या नावावर आहे.”

“हाय. माह्या घरची बाई हाय ते.”

“ज्यानं विकलं त्यानंच घ्यावं, असं कायदा म्हणतो. बायकोच्या नावावर घेऊन कोर्टात जिंकलेले लोकही आहेत, हरलेलेही आहेत. तुम्हाला या वयात मी कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू? तुमचं नाव पाहिजे सर. जोडीनं टाका. पैसा तुमचा, नाव दोघांचं, मग मला काळजी नाही.”

“मी तिले दिला तो शब्द जोडीचा नव्हता,” मास्तर म्हणाले आणि झेरॉक्सची घडी घालायला लागले. घडी काही सरळ बसेना.

बाजारातून ते चालतच निघाले. दिवसभराचं ऊन डोक्यावर आणि मनात एकच गोष्ट. व्याज मोजलं नाही, ठीक. पण बायकोनं विटा उचलल्या त्या मोजल्या नाहीत, जुन्या कागदावर ती नाही, आणि आता नव्या कागदावर एकटीचं नाव लागायची वेळ आली तर तिथंही मास्तरांनीच मधे येऊन उभं राहायचं. एक लाख रुपये मिळाले तर शब्द पाळता येणार होता. एक लाखापायी तो मोडायचा?

त्यांनी नागसेनला फोन लावला. नागसेन म्हणाला, बाबा, प्रज्वलची फी भरायची आहे, पुढच्या महिन्यात पाठवतो थोडे. प्रज्वल म्हणजे त्यांचा नातू. मास्तर म्हणाले, “नाही रे, तू जेवला का ते विचाराले फोन केला.” दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडजवळच्या एका क्लासमध्ये गेले आणि गणित शिकवायला जागा आहे का म्हणून विचारलं. तिथल्या मॅनेजरनं त्यांना अदबीनं बसवलं, लिंबू सरबत पाजलं आणि सांगितलं की आता सगळं स्क्रीनवर असतं, सर. तिसऱ्या दिवशी ते कुठंच गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले.

चंपाबाई हे सगळं पाहत होती. दुपारी जेवताना तिनं वाटी खाली ठेवली. “ऐकलं का. तीन दिस झाले तुमी वरण नुसतं ढवळून राह्यले. काय झालं ते सांगा, नाही तं मी शुभांगीले फोन लावतो.” बेल्याकडच्या बायका स्वतःला ‘करतो, लावतो’ असंच म्हणतात, त्यात नवल नाही.

मग मास्तरांनी सांगितलं. एकेक करून, फळ्यावर लिहावं तसं. व्याज लागत नाही ते सांगितलं. कर किती, कमी किती पडतात ते सांगितलं. घर तिच्या एकटीच्या नावावर घेतलं तर पैसे पुरत नाहीत आणि पैसे पुरवायचे तर आपलं नाव घालावं लागतं, हेही सांगितलं. मजुरीचं मात्र सांगायला त्यांना जड गेलं. “तुही मजुरी लाव म्हटलं मी तिले. तं म्हणे, दिली असती तं लावली असती.”

चंपाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. “लागली असती तं तुमी दिली असती का? तवा तुमच्या खिशात बिडीले पैसे नसत.”

“मी कधी बिडी ओढली?”

“म्हूनच तं नाही ओढली.”

मास्तरांना हसू आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं त्यांनी सोडून दिलं. “तुले शब्द दिला व्हता मी. रिक्षात. तुह्या नावानं घेईन म्हून. बारा वर्षं मनात धरून राह्यलो, आन् आता पुन्हा माह्यं नाव घालाचं म्हणते ते.”

 चंपाबाई ताटावरून उठली, हात धुतला, आणि पाटावर न बसता त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली.

“एकटीचं घर मागितलं कोणं तुमाले?”

“तूच तं म्हटलं, कागदावर...”

“मी म्हटलं, मले वाटलं दोघाइचं हाय म्हून. दोघाइचं म्हटलं मी. एकटीचं तुमीच केलं.” तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “एकटीचं घर म्हणजे तुमी गेल्यावरचं घर. ते मले कायले पाहिजे वो? बयान्याचा कागद तुमी हातात देल्ला, मी खीर केली, पण मले गोड नाही लागली. वाटलं, हे माणूस आपल्या माघारीची सोय करून राह्यलं. मले तुमी असताना माह्यं नाव पाहिजे. तुमच्या नावाजवळ.”

 मास्तर एकतीस वर्षं पोरांना सांगत आले की आधी प्रश्न नीट वाचा, मग सोडवायला घ्या. आणि स्वतः बारा वर्षं भलताच प्रश्न सोडवत बसले होते. त्यांनी चंपाबाईचा हात हातात घेतला. विटांचे घट्टे वीस वर्षांत गेले होते, पण बोटं अजून खरखरीतच होती. मग ते म्हणाले, “वरण गरम कर जरा.”

अमृतराव दुकानदार बयान्याचा कागद बदलायला काही खळखळ न करता तयार झाला, पण चिडवल्याशिवाय राहिला तर तो अमृतराव कसला. “काय मास्तर, एकटीच्या नावावर ठेवाची भीती वाटली काय? बाई घराबाहेर काढीन म्हून?” मास्तर म्हणाले, “काढीन ना. म्हून तिच्याच वशिल्यानं नाव लावून घेऊन राह्यलो.”

मावल्याचं घर गेलं, बँकेचं खातं मिटलं, आणि जुलैच्या एका बुधवारी ते तिघं आदिलाबादच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर दस्त लिहिणाऱ्यासमोर बसले. शुभांगी साक्षीदार म्हणून शाळेची रजा टाकून आली होती, अमृतराव सहीच्या वेळी येणार होता. दस्त लिहिणारा गोपाल, तेलुगू माणूस, पण बाजारात वाढलेला, त्यामुळं मराठी हवी तेवढी. त्यानं दोन आधारकार्डं घेतली आणि सवयीनं वर मास्तरांचं नाव टाइप करायला घेतलं.

“तिचं आधी,” मास्तर म्हणाले.

गोपालनं वर चंपाबाईचं नाव घेतलं. पुढं नेहमीप्रमाणं नवऱ्याचं नाव, वय, राहणार. मग खाली दुसरा खरेदीदार म्हणून मास्तरांचं नाव. “वडलांचं नाव, सारू?”

“वडलाचं राहू द्या. चंपाबाईचा नवरा, असं लिवा.”

गोपालची बोटं थांबली. “असं नसते सारू. बाईला नवऱ्याचं नाव लागते, मर्दाला बापाचं. सगळ्या दस्तात तसंच.”

“माह्या बापाचं नाव आधारवर हाय, शाळेच्या दाखल्यावर हाय, मावल्याच्या कागदावर व्हतं,” मास्तर शांतपणे म्हणाले. “मले ह्या घरात तो नाही घेऊन आला. हे बाई घेऊन आली.”

चंपाबाई त्यांचा शर्ट ओढायला लागली. लोक पाहतात, म्हणाली. शुभांगी दुसरीकडं बघून डोळे पुसत होती. गोपालनं डोकं खाजवलं, चहा पिणाऱ्या दुसऱ्या एका दस्तवाल्याला तेलुगूत काहीतरी विचारलं, आणि शेवटी तोडगा काढला. बापाचं नाव तर लिहावंच लागेल, साहेब कागद परत करतात. पण त्याच्यापुढं तेही लिहितो. लिहायला कोणाची मनाई नाही.

मास्तर म्हणाले, चालते.

प्रिंट निघाली. दस्त तेलुगूत होता, म्हणून गोपाल एकेक ओळ वाचायचा आणि मराठीत सांगायचा. चंपाबाईला बाजारापुरती तेलुगू यायची, तरी ती खाली मान घालून ऐकत होती. घराच्या चारी सीमा झाल्या, पंधरा लाखाचा आकडा झाला, पहिल्या खरेदीदाराचं नाव झालं. मग गोपालनं दुसरं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, आणि पुढं वाचलं, “चंपाबाई गारि भर्त.” त्याचं मराठी सांगायची गरज नव्हती. गारि म्हणजे मानाचं, आपल्याकडं ‘ताई-बाई’ लावतात तसं, आणि भर्त म्हणजे नवरा, हे तिला कळत होतं.

तिनं मान वर केली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गोपाल पुढची ओळ वाचायला लागला तेव्हा तिनं हात पुढं करून कागदावर ठेवला.

“तेवढं पुन्हा वाचा, भाऊ.”

गोपालनं पुन्हा वाचलं.